उरलेली चिठ्ठी

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेनऊला गजूचा फोन आला. मी मेथीच्या जुड्या बांधत होते, हात चिखलाचे, म्हणून गजूच्या बाबांनी घेतला. ते नुसतं "हो, हो, बरं" म्हणाले आणि फोन माझ्या कानाला लावला. गजू म्हणाला, "आई, भारताच्या संघात घेतलं मले. वीस षटकांच्या." मी विचारलं, "जेवला का?" दुसरं काही सुचलंच नाही.

दुपारपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मालेगावातलं ओळखीचं-अनोळखी सगळं येऊन गेलं. पेढे गजू घरी आला की वाटू असं ठरवून मी साखर वाटली. शेजारच्या रुपाबाई म्हणाल्या, "पोट्टं भारतासाठी खेळून राह्यलं आन् तुमी साखरेवर भागवता का, गिरजाबाई?" गजूचे बाबा म्हणाले, "आतापावतर काय लंकेसाठी खेळत होतं का ते?" सगळे हसले. मी पण हसले.

संध्याकाळी टीव्हीवर गजूची मुलाखत दाखवली. घरात वीस-पंचवीस माणसं, दारातही उभी. बोलणाऱ्या बाईनं विचारलं, "गजेंद्र, तुम्ही प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाहीत. रणजी नाही, चार दिवसांचं क्रिकेटच नाही. थेट भारताच्या टी-ट्वेंटी संघात. हे कसं झालं?" गजू हसून म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी नागपूरहून चार दिवसांच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं. आमच्याकडे देवापुढं चिठ्ठी टाकतात. आईनं टाकली, मी उचलली. 'न जाणे' निघालं. मग गावाकडंच टेनिस बॉलवर खेळत राहिलो. तिथंच हा हळू चेंडू शिकलो. पुढं शहरातल्या एका स्पर्धेत कोणीतरी पाहिलं आणि वीस षटकांच्या लीगमध्ये घेतलं."

बाई म्हणाली, "म्हणजे देवानंच मार्ग दाखवला!" गजू पुन्हा हसला. नुसतं तोंड हसलं, डोळे नाही. त्या मोठ्या दिव्यांचा प्रकाश डोळ्यांवर येत असेल.

सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कोणीतरी "गजानन महाराज की" म्हटलं, बाकीच्यांनी "जय" म्हटलं. मी चहा करायला आत गेले. चहा तर आधीच करून ठेवलेला होता.

५ डिसेंबर

ही वही खत-बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळालेली. पुढून दुधाचा आणि भाजीचा हिशोब आहे, मागून हे लिहिते. गजूच्या बाबांना वाचायचा कंटाळा आहे, म्हणून कोणी पाहणार नाही. देव पाहतोच. त्यानं तेव्हाही पाहिलं.

आमच्या घरची रीत सासूबाईंपासूनची. त्यांचं नाव पंचफुला. विहीर खोदायची की नाही, गजूच्या बहिणीला, योगिनीला, कारंज्याच्या स्थळाला द्यायचं की नाही, सगळं महाराजांना विचारून. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, एकीवर होकार, एकीवर नकार. वाटीत तांदूळ, तांदळावर चिठ्ठ्या, वाटी महाराजांच्या फोटोपुढे. ज्याचं काम त्यानं एक उचलायची. उरलेली उघडायची नाही, ती तशीच तुळशीत पुरायची. सासूबाई म्हणायच्या, उरलेली उघडून पाहणं म्हणजे देवाचं माप तपासणं, ते दुकानदाराचं तपासावं. त्यांच्या हयातीत हा नियम कोणी मोडला नाही. नंतरही नाही.

गजू एकोणीस वर्षांचा होता. नागपूरहून पत्र आलं, तीन महिन्यांचं शिबिर, चार दिवसांच्या सामन्यांसाठी. तो म्हणाला, "आई, तू म्हनशीन तसं. चिठ्ठी टाक." मी ओट्यावर बसून लिहिल्या. दोन्हीवर "न जाणे" लिहिलं.

लिहायचं ते लिहून झालं. आता पुढचं.

गजूनं चिठ्ठी उचलली, वाचली, घडी करून खिशात ठेवली. "ठीक हाये" म्हणाला आणि वांग्याला पाणी सोडायला गेला. मी उरलेली तुळशीत पुरली, हात धुतले, स्वयंपाकाला लागले. मला वाटत होतं काहीतरी होईल. दूध नासेल, भाजी करपेल. काहीच झालं नाही. भाजी उलट चांगली झाली होती.

९ डिसेंबर

आज पहिला सामना. गजूला दोन गडी मिळाले. एक तर हळू चेंडूवरच, तो फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाला आणि चेंडू मागाहून आला. घरात नुसता गलका. मी वाती वळत बसले होते, तीनशे झाल्या असतील.

रुपाबाई म्हणाल्या, "महाराजाले आधीच मालूम होतं वो. चार-चार दिवस उन्हात पळवलं असतं त पोट्ट्याचं चिपाड झालं असतं. चिठ्ठीनं वाचवलं त्याले."

सगळ्यांनी मान डोलावली. गजूचे बाबा उठले आणि "मोटार पाहून येतो" म्हणून मळ्यात गेले. मळ्याच्या लाइनला त्या वेळी वीज नसते. आनंदानं माणसाचं भान जातं, त्याला काय करणार.

१२ डिसेंबर

दुसरा सामना. चार षटकांत एकसष्ट धावा. शेवटच्या षटकात तर त्याला कळत नव्हतं कुठे टाकावं. दरवेळी कपाळावरचा घाम बाहीनं पुसायचा आणि तोच हळू चेंडू टाकायचा. समोरचा आता वाट पाहतच उभा होता.

टीव्हीवरचा एक जुना खेळाडू म्हणाला, "या मुलानं आयुष्यात एका दिवशी चार षटकांपेक्षा जास्त टाकलेली नाहीत. मार बसल्यावर काय करायचं, हे चार दिवसांच्या सामन्यात शिकतात. तिथं पळून जायला जागा नसते." दुसरा म्हणाला, "याला कोणी तिथं पाठवलंच नाही."

पाठवलंच नाही. घरातले सगळे त्या माणसाला शिव्या देत होते. मी वाटाण्याच्या शेंगा सोलत होते, टरफलं पातेल्यात आणि दाणे सुपात टाकत होते. पुन्हा सगळं निवडावं लागलं.

नंतर शेषराव सर थांबले होते. त्यांनीच शाळेत गजूच्या हातात पहिल्यांदा लेदरचा चेंडू दिला. मी त्यांना विचारलं, "सर, त्या चार दिवसांच्या खेळात असं काय असते?"

ते म्हणाले, "वहिनी, वीस षटकांचं म्हंजे पावनं म्हनून जानं. दोन घास खाल्ले, वाहवा झाली, निंगालो. चार दिवसांचं म्हंजे नांदनं. सासूचं ऐकाचं, उन्हात राबाचं, दुसऱ्या दिवशी पुन्यांदा त्याच चुलीपाशी बसाचं. आपला गजू नांदलाच नाही, त्याले चूल कशी फुकाची हे कसं मालूम राहीन?"

मग लगेच म्हणाले, "पन देवाचं मन तसं नोतं. आपन काय करू शकतो?"

त्यांच्या चहात साखर दुसऱ्यांदा घातली मी.

१६ डिसेंबर

आता हे नवीन. बाया चिठ्ठी टाकायला येऊ लागल्या आहेत. मागच्या गल्लीतल्या भुरीबाई म्हैस विकायची की ठेवायची विचारत आल्या. मी म्हटलं, "तुमच्याच घरी टाका ना." त्या म्हणाल्या, "आमचा फोटो पावत नाही वो. तुमचा पावते, टीव्हीत सांगतलं पोरानं."

नाही म्हणता आलं नाही. मी दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एकीवर "विकणे", एकीवर "न विकणे". तीन वेळा वाचून पाहिल्या, भुरीबाईंनाही दाखवल्या. त्यांना वाचता येत नाही, तरी दाखवल्या. "विकणे" निघालं. त्यांनी नारळ ठेवला, तो मी त्यांच्या पिशवीत परत घातला. त्या म्हणाल्या, "काहीच घेत नाही तुमी. म्हनूनच पावते."

जाताना माझ्या पाया पडल्या. माझ्याहून वयानं मोठ्या आहेत.

२७ डिसेंबर

तिसऱ्या सामन्यापासून गजूला बाहेरच बसवलं आहे. पेपरात आलं आहे: प्रथम श्रेणीचा अनुभव नसलेला खेळाडू, घाई झाली का? मी पेपर कपाटात खाली अंथरला, छापील बाजू खाली करून. दोन्हीकडून छापील असते हे नंतर लक्षात आलं.

मी आजवर मनाला सांगत आले की योगिनीचं लग्न तोंडावर होतं म्हणून तसं केलं. पण लग्न पुढच्या वर्षी झालं. मग सांगत आले की गजूच्या बाबांची कंबर दुखत होती, मळा कोण पाहणार. कंबर तर आमच्या लग्नाआधीपासून दुखते.

माझा भाऊ विकास विसाव्या वर्षी पुण्याला कंपनीत गेला. मायच्या तेराव्याला आला तेव्हा परतीचं तिकीट त्याच्या खिशात होतं. माझं सगळं सांगून झाल्यावर त्यानं घड्याळात पाहिलं. गजू नागपूरला गेला असता तर असाच झाला असता, असं मला वाटलं. मला तो घरात हवा होता. कारण एवढंच आहे आणि ते देवाच्या अक्षरात लिहिलं मी.

दिवाळीत गजू आला होता तेव्हा आम्ही देवळात गेलो. तो बाहेरच थांबला, बूट महागाचे आहेत, कोणी नेतील म्हणून. वस्तू जपायची सवय त्याला माझ्याकडून आली. आज ते का आठवलं कोण जाणे. चांगला मुलगा आहे. त्याच्याशी मी असं वागायला नको होतं.

९ जानेवारी

गजूचा फोन. आवाज थकलेला.

"आई, दोन बोलावनी हायेत. विदर्भवाले रणजीले ये म्हनतेत, बावीस तारखेपासून सामने. आन् परदेशातल्या एका लीगवाले त्याच तारखांले बोलावून राह्यले. वीस षटकांची."

मी विचारलं, "तुले काय वाटते?"

"मले काय वाटाचं? तू चिठ्ठी टाकून ठेव. मी नाही उचलत आता, तूच उचल. संक्रांतीनंतर सांगजो."

"तू ये ना, गजू. तूच उचल."

"नाही आई. एकदा उचलली तेवढी पुरे."

फोन ठेवला. किती विश्वास आहे माझ्यावर त्याचा, असं मनात आलं आणि जेवण गेलं नाही.

१२ जानेवारी

तीन दिवसांत चार वेळा बसले. एकीवर "रणजी" लिहिलं, दुसरीवर "परदेश". खऱ्या, वेगवेगळ्या. वाटीत ठेवल्या. पण महाराजांच्या फोटोकडे मान वर करता येत नाही. खोट्या चिठ्ठ्या टाकणारीनं खरी टाकली तर ती खरी होते का? हे कोणाला विचारावं? विचारायचं ठिकाण तर एकच आहे, आणि तिथं तोंड दाखवायला मला जागा नाही.

चारही वेळा चिठ्ठ्या चुलीत घातल्या. वाटीतले तांदूळ मात्र शिजवून खाल्ले, टाकवले नाहीत.

१४ जानेवारी, संक्रांत

आज जे झालं ते क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःला वेगळंच सांगेन.

हळदीकुंकवाला अकरा बाया आल्या होत्या. वाणाला मी गाळण्या आणल्या होत्या. लिलाबाई सुनेला, राधिकाला, घेऊन आल्या. राधिका बारावी झालेली, तिला अकोल्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. नवरा म्हणतो आईला विचार, लिलाबाई म्हणतात देवाला विचार.

लिलाबाईंनी कमरेच्या पिशवीतून दोन घड्या काढल्या. "घरूनच लिहून आनल्या, बाई. तुमाले सनाच्या दिवशी तरास नको."

मी वाटी मांडली. राधिका पुढे बसली. बाया तिळगूळ खात बोलत होत्या, त्या गप्प झाल्या. मी लिलाबाईंकडे पाहिलं. त्या वाटीकडे पाहत नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या, जशी काही आजची तारीख विसरल्या.

गजूनं चिठ्ठी उचलली त्या दिवशी मी पण वाटीकडे पाहिलं नव्हतं. मी दाराच्या कडीकडे पाहत होते.

राधिकानं चिठ्ठी उचलली. वाचली. "न जाणे," म्हणाली. मग तिनं ती घडी केली आणि म्हणाली, "ठीक हाये." तिनं गळा काढला असता, भांडली असती, तर कदाचित मी गप्प राहिले असते. पण ती "ठीक हाये" म्हणाली.

मी वाटीतली दुसरी चिठ्ठी उचलली.

लिलाबाई म्हणाल्या, "अवो, उरलेली उघडतेत का कधी? तुमचाच नियम ना?"

मी उघडली. "न जाणे."

राधिकानं माझ्या हातातून ती घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून पाहिल्या. लिलाबाईंचं तोंड लाल झालं. त्या म्हणाल्या, "घरात दोन लेकरं हायेत, माहे गुडघे धरले, मी कोनाच्या भरोशावर राहू? आन् लय सतवंती नका होऊ, गिरजाबाई. तुमच्या घरची उरलेली कोनी उघडून पाह्यली होती?"

मी म्हटलं, "कोनीच नाही. माह्याबी दोनीवर 'न जाणे'च होतं. मीच लिहिलं होतं. महाराजानं गजूले अडवलं नोतं. मी अडवलं."

हे मी बोलले. अकरा बायांसमोर, संक्रांतीच्या दिवशी, कपाळावर कुंकू असताना. माझ्या कानांना माझा आवाज भाजी विकताना असतो तसा लागला.

सगळ्यांत आधी भुरीबाई बोलल्या. "मंग माही म्हैस?"

"तुमच्या वेगळ्या होत्या, भुरीबाई. तुमाले दाखवल्या होत्या मी."

"मले कुठी वाचता येते? आता मी कायवरून मानू? इकून बसली ना मी तिले!"

मी वाटीतले तांदूळ बोटानं सारखे करत राहिले.

बाया उठल्या. कोणी भांडलं नाही, ते जास्त वाईट. चौघींनी वाण नेलं, बाकीच्या गाळण्या ओट्यावर राहिल्या. रुपाबाई दारातून वळून म्हणाल्या, "टीव्हीत सांगतलं वो पोरानं. साऱ्या देशाले सांगतलं." एवढंच म्हणाल्या. राधिका दोन्ही चिठ्ठ्या पदराच्या गाठीत बांधून सासूच्या मागून गेली.

१५ जानेवारी, गुरुवार

दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आत मी सांगावं म्हणून काल संध्याकाळपासून फोन लावत होते. बंद. सकाळी पुन्हा चार वेळा. बंद.

गजूच्या बाबांना काल जेवताना सांगितलं. त्यांना मळ्यात कळलंच होतं. ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले, खाल्ला नाही. मग म्हणाले, "मले मालूम होतं."

"कोनी सांगतलं, रुपाबाईनं?"

"आजचं नाही. तवाचं. तू ओट्यावर लिहीत होती तवा मी पानी प्याले आलो होतो मांगून. दोनी पाह्यल्या."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मंग बोलले काहून नाही?"

"कायले बोलू? मलेबी पोरगं घरीच पाह्यजे होतं." तुकडा ताटात ठेवून म्हणाले, "तू लिहिलं म्हनून मले लिहा नाही लागलं."

तीन वर्षं आम्ही एका ताटाशेजारी बसून जेवलो. मला वाटायचं या घरात मी एकटीच चोर आहे. दुसरा चोर सापडला तर हलकं वाटायला पाहिजे होतं. उलट गजूची जास्तच कीव आली. त्याच्या बाजूनं घरात कोणीच नव्हतं.

दुपारी गजूचा निरोप फोनवर आला, लिहिलेला. "ऐकलं. रविवारी येतो." पुढे काही नाही.

१८ जानेवारी, रविवार

भाड्याच्या गाडीनं आला. वाळला आहे. दारात लोक जमले होते, पण आधीसारखे आत आले नाहीत. त्यानं हात जोडले आणि आत आला.

बाप-लेक मळ्यात फिरून आले. काय बोलले ते मला कळलं नाही. गजूच्या बाबांचे डोळे लाल होते, ते म्हणाले मिरचीचा खकाणा डोळ्यात गेला.

तो ओसरीवर बसला होता. मी ताट घेऊन दारात उभी राहिले. आत जाऊ की पुढे होऊ ते सुधरेना. त्यानं वर न पाहता विचारलं, "दोनीवर?"

"हो."

"मले वाटलं गोलूनं फोनवर चेष्टा केली. सारा गावच चेष्टा करून राह्यला असन." गोलू म्हणजे त्याच्याबरोबर टेनिस बॉलवर खेळणारा.

"नाही. खरं हाये."

मग बोलला, आणि मोठ्यानं बोलला नाही. "तुले वाटलं असन, मी मानलं. मी नोतं मानलं, आई. ते चिठ्ठी वर्षभर पाकिटात ठेवली होती मी. काढाचो आन् पाहाचो. मी कोनाचं काय वाईट केलं होतं, असं इचाराचो त्याले. मंग इचारनंबी सोडून देल्लं. तीन वर्षं मी देवापुढं हात नाही जोडला. तू सांगाची, पाया पड, मी वाकाचो. हात नाही जोडला."

मला वाटलं होतं मी त्याचं नुसतं नागपूर घेतलं. दहा वर्षांचा होता तेव्हापासून दर गुरुवारी महाराजांसाठी माझ्याआधी फुलं तोडून आणायचा.

मी म्हटलं, "महाराज मंधात आलेच नोते, गजू. त्याहिचा काय दोष? तो राग माह्यावर कर. माहा हाये तो."

"तसा उचलून इकडून तिकडं ठेवता येते का?" आता त्यानं पाहिलं माझ्याकडे. "देवावर बरा होता. तो भाकर घेऊन दारात उभा राहत नाही."

मग त्यानं ताट घेतलं. अर्धी भाकर खाल्ली.

हात धुताना मी विचारलं, "आता काय ठरवलं?"

"उद्या नागपूरले चाललो. रणजी."

"कोनाले इचारलं?"

"कोनालेच नाही."

१९ जानेवारी

सकाळी सातला गेला. बाबांच्या पाया पडला. माझ्याही पडला. मनानं पडला की सवयीनं वाकला, हे मी ठरवू शकत नाही. काल त्यानं सांगितल्यापासून त्याचं कोणतंच वाकणं मला वाचता येत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

गजूचा चार दिवसांचा पहिला सामना. टीव्हीवर दाखवत नाहीत, म्हणून गजूच्या बाबांनी फोनवर धावफलक लावून दिला. आकडे बदलत होते आणि आम्ही दोघं भाजी निवडत ते पाहत होतो. आमच्याशिवाय घरात कोणी नव्हतं. शेषराव सर तेवढे दारातून म्हणाले, "वहिनी, गेला तो नांदाले." आत आले नाहीत, पण म्हणाले.

त्यानं दिवसभरात एकोणीस षटकं टाकली. गडी एकही नाही. दुपारनंतर त्याच्या नावापुढचा आकडा एकेक षटकानं सरकत होता, आणि मला एकसारखं वाटत होतं, आता याला थांबवा कोणी. मग वाटलं, हेच तर मी एकदा केलं.

राधिका अकोल्याला गेली की नाही, मला माहीत नाही. लिलाबाई बोलत नाहीत. भुरीबाई रस्त्यात भेटल्या, त्यांनी तोंड फिरवलं. ते त्यांचं बरोबर आहे.

संध्याकाळी साडेसातला फोन वाजला. गजू.

"आई, पाय सुजले. मिठाच्या पान्यात किती येळ ठेवू?"

"अर्धा घंटा. सोसन इतकंच गरम घे."

"मीठ किती?"

"दोन मुठी. जाडं."

"बरं." पलीकडे कोणीतरी भांडं सरकवल्याचा आवाज आला. "उद्या पुन्यांदा टाकाचं हाये."

"हो," मी म्हटलं. आणखी काही म्हणावं असं पुष्कळ होतं. त्यानं फोन ठेवला.

गजूच्या बाबांनी विचारलं, "काय म्हने?"

"मीठ किती टाकू म्हने."

ते मान हलवत राहिले. त्यानं माफ केलं असं मी इथं लिहू शकत नाही, तो तसं म्हणाला नाही. मी दिवा लावला, महाराजांपुढे बसले. विचारलं काही नाही. हॉटेलात जाडं मीठ कोण देणार त्याला, हे मला तिथं बसल्यावर सुचलं, आणि मी उठून पुन्हा फोन लावला.